मामांच्या खोक्यातले दगड

आषाढात तुकोबांची पालखी सराटीचा मुक्काम आटोपून नीरा ओलांडते आणि अकलुजात शिरते. पादुकांना नीरेचं स्नान घडतं, काठावर माणूस मावत नाही. तीच नीरा चैत्र-वैशाखात पाहावी. पाणी कुठंतरी मधोमध डबक्याडबक्यांनी उभं आणि बाकी सगळे दगड. काळे तुळतुळीत गोटे, दुधी गारा, एखादा मधाच्या रंगाचा अकीक, चुनखडीचे वेडेवाकडे खडे. आम्ही मुलं सुट्टीत मामांकडे जायचो तेव्हा आमचा सगळा वेळ या दगडांत जायचा. आम्ही चपट्या दगडांनी पाण्यावर भाकऱ्या काढायचो. मामा मात्र दगड वेचून खिशात टाकायचे. त्यांच्या नेहरूशर्टाचे दोन्ही खिसे कायम लोंबलेले असत आणि मामी दर धुण्याला ते उलटे करून कुरकुरत.

मामांचं शेत अकलूजच्या खालच्या अंगाला, नदीपासून हाकेच्या अंतरावर. ऊस, थोडी ज्वारी, दोन म्हशी. शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंत. पण दगड उचलून तो उन्हात फिरवून बघायची सवय त्यांना कुठून लागली, कोण जाणे. त्यांच्या माजघरात साबणाच्या वड्यांचं एक लाकडी खोकं होतं. त्यात हे वेचलेले दगड असत. पाहुणा आला की चहाच्या आधी खोकं बाहेर यायचं. “हे बघा, हे हाड असावं. आणि हे पान. दगडात पान उमटलंय, बघा शिरा.” पाहुणा मान डोलवायचा. दुसरं करणार काय?

खोक्यात न मावणारा एक दगड अंगणात कडुलिंबाखाली होता. १९७२ च्या दुष्काळात विहीर खणताना पंधरा-वीस हातांवर तो निघाला. कलिंगडाएवढा, जवळजवळ गोल, आणि वरून पापुद्रे सुटणारा. खणणाऱ्यांनी तो फोडला नाही, बाजूला ठेवला. कुणीतरी त्याला शेंदूर लावायचं म्हणत होतं, मामांनी लावू दिला नाही. वीस-बावीस वर्षं त्यावर बसून आम्ही शेंगा खाल्ल्या. मग १९९४ साली ‘जुरासिक पार्क’ हिंदीत आला आणि तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला. चुलतभावंडं तो बघून आली आणि एका रात्रीत कडुलिंबाखालच्या दगडाचं डायनोसॉरचं अंडं झालं. शाळेतली पोरं रांग लावून बघायला येऊ लागली. मामांना ते आवडलंही आणि छळूही लागलं. लोक अंडं म्हणतायत, पण ते खरंच अंडं आहे का? ‘कुणाला तरी दाखवलं पाहिजे,’ हे वाक्य त्यांच्या तोंडी तेव्हापासून बसलं.

कुणाला दाखवायचं? गावात दात दुखला तर कुणाकडे जावं, हे माहीत असतं. सात-बाऱ्यावरची नोंद चुकली तर तलाठी असतो. पण दगडात पान दिसलं तर कुठलं दार ठोठवायचं? १९९६ च्या दिवाळीनंतर मामांनी अंड्याचा सुटलेला एक मोठा पापुद्रा आणि खोक्यातले आठ-दहा दगड धोतराच्या फडक्यात बांधले, फडकं पिशवीत घातलं आणि पहाटेची एस.टी. पकडून ते शहरात गेले. तिथल्या एका कचेरीत दोन तास बाकावर बसले. शेवटी एक कारकून बाहेर आला. पिशवीत डोकावून म्हणाला, “आजोबा, दगड घेऊन एवढ्या लांब आलात? गावात कमी आहेत का?” आतले चार जण हसले. मामा रात्रीच्या गाडीनं परत आले. पिशवी त्यांनी तशीच माळ्यावर टाकली. पुढं वर्षभर खोकं पाहुण्यांपुढं आलं नाही.

हे मी एवढ्यासाठी सांगतो की दगड ओळखता न येणं ही काही अडाण्याची खूण नव्हे. ज्यांची नावं विज्ञानाच्या पुस्तकांत छापली जातात त्यांचीही तीच गत होती. गिडिअन मँटेल हा इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातला डॉक्टर. रोगी तपासून उरलेला वेळ दगडांत घालवणारा. १८२०च्या सुमारास त्याच्या हाती काही विचित्र दात आले. झिजलेले, पानाच्या आकाराचे, शाकाहारी प्राण्याचे. पण ज्या खडकात ते सापडले तो इतका जुना की त्यात असे दात असायलाच नकोत. १८२३ साली चार्ल्स लायेल या त्याच्या भूशास्त्रज्ञ मित्रानं एक दात पॅरिसला नेला आणि त्या काळचा सर्वांत मोठा जाणकार क्युव्हिए याला दाखवला. क्युव्हिए म्हणाला, गेंड्याचा आहे. विषय संपला! मँटेलनं मात्र सोडलं नाही. लंडनच्या एका संग्रहालयात तो दात घेऊन बसला असता तिथल्या सॅम्युअल स्टचबरी नावाच्या साहाय्यकाला इग्वाना या मोठ्या सरड्याचे दात आठवले. आकार तोच, फक्त कितीतरी पटींनी लहान. १८२५ साली मँटेलनं त्या प्राण्याला ‘इग्वानोडॉन’ असं नाव दिलं. ‘डायनोसॉर’ हा शब्द त्या वेळी जन्मालाही आला नव्हता. क्युव्हिएनंही मोठ्या मनानं आपली चूक कबूल केली. मँटेलचीही एक गंमत आहे. त्या प्राण्याच्या अंगठ्याचं अणकुचीदार हाड त्यानं चित्रात नाकावर बसवलं होतं.

मामांचं नशीब १९९७ च्या हिवाळ्यात उघडलं. माझ्या एका मित्राचे भूशास्त्राचे सर पंढरपूरला कार्तिकीसाठी आईला घेऊन आले होते. त्यांना गळ घातली, वाकडी वाट करून ते अकलूजला आले. सर हडकुळे, खांद्याला शबनम, गळ्यात दोऱ्यानं बांधलेलं भिंग. आल्या आल्या त्यांनी कडुलिंबाखालच्या अंड्याभोवती एक चक्कर मारली, खाली बसले, एक पापुद्रा नखानं सोडवला. मामा श्वास रोखून उभे.

“काका, हे अंडं नाही,” सर म्हणाले. “पण हे अंडं का नाही ते सांगतो.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मला आजही जवळजवळ तसंच आठवतं. आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हारस. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि त्यांतून हा रस थरावर थर असा पसरत गेला. थंड होताना त्याला उभ्याआडव्या चिरा पडतात. चिरांमधून पाणी मुरतं आणि चौकोनी ठोकळ्याचे कोपरे आधी कुजतात, कारण कोपऱ्याला पाणी दोन-तीन बाजूंनी लागतं. असे कोपरे झिजत झिजत ठोकळा गोल होतो आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटू लागतात. विहीर खणणाऱ्यांना मुरमात असे गोटे नेहमी भेटतात. “आणि अंड्याला कवच असतं,” सर म्हणाले. “एकच, पातळ, आणि भिंगातून पाहिलं तर त्यावर बारीक छिद्रं किंवा दाणे दिसतात. याला कवचावर कवच, आत पुन्हा कवच. असं अंडं कोण घालील?”

मामा हसले. मला वाटलं होतं ते खट्टू होतील. ते आत गेले आणि माळ्यावरची पिशवी नि साबणाचं खोकं दोन्ही घेऊन आले.

ओसरीवर घोंगडी अंथरली गेली आणि एक-एक दगड बाहेर येऊ लागला. ‘पान’ सगळ्यांत आधी. खरंच नेच्याचं पान वाटावं असं काळं नाजूक नक्षीकाम. सरांनी ते भिंगाखाली धरून मामांनाही बघायला दिलं. दगडाच्या चिरेत मँगनीजचं पाणी झिरपतं आणि पसरता पसरता अशी झाडं काढतं. हिवाळ्यात थंड मुलखात खिडकीच्या काचेवर बर्फाची फुलं उमटतात, तसंच. खऱ्या पानाला मधली शीर असते, देठ असतो, दोन्ही बाजूंच्या शिरांचा हिशेब असतो. या नक्षीला तो नाही. मग ‘हाडं’ आली. पांढरी, नळीसारखी, मधे पोकळ. त्यांवर सरांनी मामींकडून लिंबाची फोड मागून पिळली, तशी ती फसफसली. झाडांच्या मुळांभोवती चुना साचत जातो, मूळ कुजून जातं आणि चुन्याची नळी उरते. काळ्या रानात चुनखड निघते तीच ही, फक्त मुळाचा आकार घेतलेली. ‘गांडुळं’ होती ती मांजऱ्या खडकातल्या वाफेच्या वाटा. लाव्हारसातून वर येणाऱ्या बुडबुड्यांनी केलेल्या लांबट पोकळ्या, पुढं कधीतरी पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या. एक सुरेख स्फटिकांचा झुबका होता, मोत्यासारखी झाक असलेला. तो झिओलाइट निघाला. असल्या स्फटिकांसाठी आपला महाराष्ट्र जगात नावाजलेला आहे. सिन्नरला ‘गारगोटी’ नावाचं एक अख्खं संग्रहालय त्यासाठी पुढं उभं राहिलं. पण तो जीवाश्म नव्हता.

चाळीसेक दगड झाले. एकही जीवाश्म नाही.

“मग आपल्या मुलखात असलं काही सापडतच न्हाई म्हणायचं,” मामा म्हणाले.

असं मात्र नाही, आणि या बाबतीत आपण महाराष्ट्रातले लोक आपल्याच घराला फार कमी ओळखतो. लाव्हारसाचे लोट एकामागून एक लगेच आले नाहीत. मधे हजारो वर्षांच्या विश्रांती होत्या. त्या काळात तळी साचली, झाडी उगवली, प्राणी आले, आणि पुढच्या लोटानं सगळं झाकून टाकलं. दोन लोटांमधल्या या गाळाच्या थरांत जीवाश्म असतात. मुंबईतल्या वरळीच्या अशा थरात इवल्याशा बेडकांचे सांगाडे मिळाले. त्यांचं वर्णन १८४७ साली रिचर्ड ओवेननं केलं. हा तोच ओवेन, ज्यानं ‘डायनोसॉर’ हा शब्द घडवला. आज वरळीला गगनचुंबी इमारतींच्या गर्दीत उभं राहून बेडकांच्या त्या डबक्याची कल्पना करणं अवघड आहे.

नागपूरला रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप होता. मिशनरी, शाळा चालवणारा. हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. तो आणि त्याचा सहकारी हंटर फावल्या वेळात टाकळी नि आसपासचे खडक धुंडाळत. गोगलगायींचे शंख, फळं, बिया, किड्यांचे पंख असं त्यांना जे जे मिळालं ते त्यांनी जहाजानं लंडनच्या जाणकारांकडे पाठवलं. उत्तर यायला कित्येक महिने जायचे. म्हणजे दगड ओळखून घ्यायचा मामांचा खटाटोप नागपुरात दीडशे वर्षांपूर्वी चालूच होता. हिस्लॉपचा अंतही असल्याच नादात झाला. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं उकरून पाहून घोड्यावरून परतताना पूर आलेल्या ओढ्यात तो बुडाला.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथं डायनोसॉरची हाडं मिळतात आणि त्याहून मजेची वस्तू म्हणजे दगड झालेली विष्ठा. ऐकून नाक मुरडू नका. २००५ साली लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही विष्ठा तपासली. तिच्यात त्यांना गवताचे सूक्ष्म, काचेसारखे कण सापडले. डायनोसॉरच्या काळात गवत जवळजवळ नव्हतंच, असं तोवर मानलं जायचं. ते पिसदुऱ्याच्या शेणानं खोटं ठरवलं, आणि त्या गवतांत आपल्या भाताचे दूरचे पूर्वजही निघाले. त्याच जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीत एका अजस्र शाकाहारी डायनोसॉरचा बराच मोठा सांगाडा मिळाला. आज तो ‘इसिसॉरस’ या नावानं ओळखला जातो.

हे झालं खडकांचं. अकलूजच्या माणसाला अधिक जवळची गोष्ट आहे ती नद्यांच्या काठच्या गाळाची. हा गाळ कोट्यवधी वर्षांचा नाही, हजारो ते काही लाख वर्षांचा. पण त्यातले प्राणी ऐकले तर आश्चर्य वाटेल. नांदूर मध्यमेश्वर आज आपल्याला पक्ष्यांसाठी ठाऊक आहे. तिथं गोदावरीच्या गाळात एका प्रचंड, आता नामशेष झालेल्या हत्तीचे अवशेष मिळाले आणि १९०५ साली पिलग्रिम यांनी त्यांच्यावर लिहिलं. बेळगाव जिल्ह्यात गोकाकजवळ रॉबर्ट ब्रूस फूटला गेंडा मिळाला. १८७४ साली त्यानं त्याला दख्खनचंच नाव दिलं, ‘ऱ्हायनोसेरस डेक्कनेन्सिस’. गोकाक कृष्णेच्या खोऱ्यात आणि आपली नीरा-भीमाही त्याच खोऱ्यातली. चाळीसगाव तालुक्यात पाटणे इथं एस. ए. साळी यांनी सत्तरच्या दशकात उत्खनन केलं, तेव्हा शहामृगाच्या अंड्याची कवचं मिळाली. एका तुकड्यावर तर माणसानं पंचवीसेक हजार वर्षांपूर्वी रेघांची नक्षी कोरलेली होती. जळगाव जिल्ह्यात शहामृग! तेव्हा अंडं सापडलं म्हणणाऱ्याला हसण्यापूर्वी जरा थांबावं.

सर हे सगळं सांगत असताना मामी पदरानं हात पुसत दारात उभ्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, “आवो, ते वाळूतलं दावा की.”

मामा विसरलेच होते. १९९५ साली त्यांनी मागच्या दोन खोल्या बांधल्या तेव्हा वाळूचे ट्रक आले होते. वाळू चाळताना चाळणीवर एक तुकडा उरला. वीतभर लांब, तपकिरी-काळा, दगडासारखा जड. गवंडी तो फेकणार होता. मामींनी ठेवून घेतला, चुलीमागे, काकडा पेटवायचं भांडं टेकवायला. तो आणला गेला. त्याच्या तुटलेल्या टोकाकडे सरांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. मग त्यांनी तो चक्क जिभेला लावला. मामी “अगं बाई!” म्हणून मागे सरकल्या. तुकडा जिभेला किंचित चिकटला. हाडातली बारीक छिद्रं ओल शोषून घेतात, साध्या दगडाला ते जमत नाही.

“हे हाड आहे,” सर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. “दगड झालेलं. गाई-म्हशीच्या जातीच्या मोठ्या जनावराचं असेल, पायाचं. तज्ज्ञाला दाखवावं लागेल. वाळू कुठून आली होती?”

मामांनी मामींकडे पाहिलं, मामींनी मामांकडे. ट्रक कंत्राटदारानं पाठवले होते. तो कधी नीरेची वाळू आणायचा, कधी भीमेची, कधी आणखी लांबची. ड्रायव्हर दर खेपेला निराळा. कंत्राटदाराला गाठून विचारलं, तर तो म्हणाला, “दोन वर्सापूर्वीची गाडी? अवो, कालची सांगता येत न्हाई.”

सर गप्प बसून राहिले. मला तेव्हा त्याचं गांभीर्य कळलं नाही. वस्तू हातात आहे, खरी आहे, आता ठिकाणाचं एवढं काय? पुढं कळलं. हाड कुठल्या नदीच्या, कुठल्या काठाच्या, कितव्या थरातून आलं हे ठाऊक असेल तरच त्यावरून काळ सांगता येतो. त्याच थरातली माती, शिंपले, दगडी हत्यारं, राख यांच्याशी त्याची सांगड घालता येते. भीमेच्याच खोऱ्यात, कुकडीच्या काठी बोरी इथं ज्वालामुखीच्या राखेचा थर मिळाला आहे. त्या राखेच्या वयावर विद्वानांनी वर्षानुवर्षं वाद घातले, कारण त्या वयावर तिथल्या दगडी हत्यारांचं, म्हणजे आपल्या इथल्या माणसाचं वय ठरतं. थराला एवढं मोल आहे. थर गेला की हाड नुसतं हाड उरतं. वाळूउपशानं नदीचं पात्र आणि विहिरींचं पाणी गेलं यावर आपण पुष्कळ बोलतो, आणि बोलायलाच हवं. त्या वाळूबरोबर काय काय चाळणीवर येऊन उकिरड्यावर गेलं, याची मोजदाद कुणाकडेच नाही.

ठिकाणाची नोंद किती महत्त्वाची आहे, हे आपल्या देशानं एकदा फार लाजिरवाण्या रीतीनंही शिकलेलं आहे. पंजाब विद्यापीठातल्या एका नामवंत प्राध्यापकांनी वर्षानुवर्षं हिमालयातले म्हणून जीवाश्म प्रसिद्ध केले. १९८९ साली ऑस्ट्रेलियाच्या जॉन टॅलंट यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की त्यांतले कितीतरी नमुने हिमालयातले नव्हतेच. जीवाश्म खरे होते, पत्ते खोटे होते. त्यामुळे हिमालयाच्या भूशास्त्राची किती पानं संशयाखाली आली!

जाणकारही माणसंच असतात. फसवण्याचा हेतू नसतानाही ते चुकतात. २०२० च्या मार्चमध्ये काही परदेशी आणि भारतीय भूशास्त्रज्ञ भीमबेटक्याची चित्रं पाहायला गेले. गुहेच्या छताजवळ त्यांना पानासारखी एक मोठी आकृती दिसली. पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीचा डिकिन्सोनिया हा जीव तो हाच, असं त्यांनी प्रसिद्ध केलं. वर्तमानपत्रांनी मथळे दिले, कारण हा भारतातला पहिलाच. नंतर दुसरा गट तिथं गेला, तेव्हा ती आकृती सुटून गळू लागलेली होती. कोट्यवधी वर्षं टिकलेला जीवाश्म दोन-तीन वर्षांत कसा गळेल? २०२३ साली त्यांनी छापून टाकलं की ते आग्यामोहोळाचं उरलेलं मेण आहे. आपल्या कुठल्याही धनगराच्या पोरानं ते पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, असं मला उगीच वाटतं. मूळ संशोधकांच्या प्रमुखानं चूक मान्य केली, हे मात्र नोंदवलं पाहिजे.

याच्या उलट गोष्ट एका मुलीची. इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ चार्नवुड फॉरेस्ट आहे. १९५६ साली पंधरा वर्षांच्या टीना नीगसला तिथल्या खडकावर पिसासारखी आकृती दिसली. तिनं शाळेत बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, ते खडक फार जुने आहेत, त्यांत जीवाश्म असूच शकत नाहीत. मुलगी गप्प बसली. पुढच्याच वर्षी रॉजर मेसन या शाळकरी मुलाला तीच आकृती दिसली. त्याच्या वडिलांची विद्यापीठातल्या ट्रेव्हर फोर्ड यांच्याशी ओळख होती. फोर्ड येऊन पाहून गेले आणि १९५८ साली ‘चार्निया मेसोनी’ हे नाव जाहीर झालं. पृथ्वीवरच्या जीवसृष्टीचा इतिहासच त्या पिसानं मागे नेला. एकीला ‘असूच शकत नाही’ ऐकावं लागलं, दुसऱ्याला बघायला येणारा माणूस भेटला, एवढाच काय तो फरक.

बघायला येणारा माणूस भेटला, तरी उत्तर मिळेलच असं नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात फ्रान्सिस टली हा नळजोडणीची कामं करणारा हौशी संग्राहक होता. पन्नासच्या दशकात त्याला खाणीच्या ढिगात एक अजब प्राणी मिळाला. लांबट अंग, दांड्यांवर डोळे, पुढं सोंड आणि तिच्या टोकाला दात. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये त्यानं तो नेला, पण तिथंही कुणाला ओळखता आला नाही. १९६६ साली त्याला टलीचंच नाव देण्यात आलं. २०१६ मध्ये काहींनी सांगितलं की हा कणा असलेला प्राणी. २०२३ मध्ये जपानी संशोधक म्हणाले, छे, नाही. वाद चालूच आहे.

आपल्याकडेही अशी माणसं आहेत. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातले विशाल वर्मा हे पेशानं शिक्षक. नर्मदेच्या खोऱ्यात बाग-कुक्षीच्या बाजूला त्यांनी वर्षानुवर्षं पायी हिंडून डायनोसॉरची अंडी हुडकली. २०२३ च्या जानेवारीत तिथल्या ९२ घरट्यांचं आणि २५६ अंड्यांचं वर्णन प्रसिद्ध झालं, तेव्हा दिल्ली विद्यापीठातल्या संशोधकांच्या जोडीला त्यांचंही नाव होतं. मामांना हे वाचायला मिळालं असतं तर त्यांनी कात्रण खोक्यात ठेवलं असतं.

सरांनी त्या दिवशी मामांना जे सांगितलं ते इथं देतो, कारण हा लेख वाचून कुणीतरी आपल्या माळ्यावरचा दगड काढून बघणार, हे मला माहीत आहे. वस्तू सापडली की ती घासू नका, धुऊ नका, तेल तर मुळीच लावू नका. जमिनीत रुतलेली असेल तर उपसू नका. आधी तशीच फोटोत घ्या आणि शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल. ठिकाण लिहा. ‘नदीकाठी’ एवढं पुरत नाही. कुठलं गाव, कुणाचा बांध, काठाच्या माथ्यापासून किती हात खाली, तांबड्या मातीत की गोट्यांत. आता तर मोबाइल अचूक जागा नोंदवून देतो. वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळा, चिठ्ठी आत ठेवा. हत्तीची दाढ असेल तर ती नव्यानं टाकी लावलेल्या पाट्यासारखी दिसते, एकाआड एक आडव्या रेघा. ती दगड म्हणून फेकली जाते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राण्यांच्या जुन्या हाडांचा अभ्यास होतो. आघारकर संशोधन संस्था आहे. नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मोठं कार्यालय आहे. सोलापूरच्या विद्यापीठातही भूशास्त्र शिकवलं जातं. पिशवी घेऊन दारात जाण्याआधी फोटो आणि एक पानाचं पत्र पाठवावं. कारकुनाच्या हाती पिशवी पडण्यापेक्षा शिक्षकाच्या हाती पत्र पडलेलं बरं.

सर निघायच्या आधी मामींनी त्यांना देवघरापुढं बसवून चहा दिला. बशी खाली ठेवताना त्यांची नजर ताम्हनाकडे गेली आणि ते पुढं झुकले. बाळकृष्णाशेजारी तुळशीच्या पानावर काळा शाळिग्राम होता. मामींच्या आईनं काशीहून आणलेला, लग्नात दिलेला. एका बाजूला फुटून आतलं चक्र उघडं पडलेलं.

“वहिनी, हात लावत नाही, नुसता बघू?”

त्यांनी भिंग पुढं धरलं. मग वळून मामांना म्हणाले, “काका, चाळीस दगड पाहिले. तुमच्या घरातला सगळ्यात सुंदर जीवाश्म हा आहे.” नेपाळात मुक्तिनाथच्या परिसरात काळी गंडकीच्या पात्रात हे मिळतात. आतलं चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री जीवाचं गुंडाळलेलं कवच, चौदा-पंधरा कोटी वर्षांपूर्वीचं. हिमालय उभा राहण्यापूर्वी तिथं समुद्र होता, त्याच्या तळाशी हा जीव पडला होता. कवचाच्या आडव्या कण्या सरांनी मामांना बोटानं न शिवता दाखवल्या. (बाजारात मिळणारं गोमतीचक्र मात्र जीवाश्म नव्हे. ते समुद्री गोगलगायीच्या शंखाचं झाकण असतं.)

मामा देवघराकडे पाहतच राहिले. चाळीस वर्षं ते रोज त्याला पाणी घालत होते.

मामी म्हणाल्या, “सर, तुमचं सगळं खरं. पर त्यो दगुड न्हाई. त्यो देव हाय.”

“हो वहिनी,” सर म्हणाले. “आणि त्याचा पत्ताही ठाऊक आहे.”

मामा २००९ साली गेले. खोकं माझ्याकडे आलं. सरांच्या भेटीनंतरच्या बारा वर्षांतले दगड त्यात वेगळ्या कप्प्यात आहेत, प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी आहे. मामांचं अक्षर मोठं, गोलसर: ‘नीरा, उत्तर काठ, खालच्या बांधाजवळ, दोन हात खाली, गोट्यांत, २ मे २००३.’ त्यातला एकही जीवाश्म नाही, मी दाखवून आणले. वाळूतलं ते हाड फडक्यात गुंडाळून तळाशी आहे. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलंय: ‘हाड. सरांनी ओळखले. सौ.ने ठेवले म्हणून राहिले. गाव –’ आणि पुढची जागा मोकळी सोडलेली आहे.